यवतमाळ जिल्ह्यातील कापूस शेती आणि कीटकनाशकजन्य प्रदूषण : एक ऐतिहासिक मागोवा
(विशेष संदर्भ : दारव्हा परिसर)

गोषवारा

पर्यावरण प्रदूषण म्हटले की कारखान्याचे धुराडे, महानगरातील वाहने आणि काळवंडलेली नदी ही चित्रे डोळ्यांसमोर येतात. दारव्हा व परिसरातील कापूस उत्पादक तालुक्यांत मोठे कारखाने नाहीत, तरीही माती, पाणी, हवा आणि माणसाचे शरीर यांत विष भिनविणारे प्रदूषण येथे आहे. ते शेतातील फवारणीतून आले. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात झालेल्या विषबाधेच्या घटनांनी त्याचे भीषण रूप देशासमोर आणले. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रदूषणाची ऐतिहासिक जडणघडण तपासण्याचा प्रयत्न केला आहे. हे प्रदूषण केवळ शेतकऱ्याच्या निष्काळजीपणातून उद्भवलेले नाही. एका उपायातून दुसरी समस्या जन्माला घालणाऱ्या दीर्घ प्रक्रियेचे ते फलित आहे. त्यामुळे त्याचा प्रतिबंधही एकट्या शेतकऱ्याला शक्य नसून त्यासाठी गावाच्या सामूहिक कृतीची आवश्यकता आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कापूस, वऱ्हाड, कीटकनाशके, प्रदूषण, बोंडअळी, विषबाधा, लोकसहभाग.

प्रस्तावना

मानव आणि निसर्ग यांचे नाते अतूट आहे. शेती हा या नात्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत जिव्हाळ्याचा दुवा होय. शेतकऱ्याला निसर्गाचा रक्षक मानण्याची आपली परंपरा आहे. मात्र गेल्या पन्नास-साठ वर्षांत याच शेतीतून निसर्गात विष मिसळू लागले आणि त्या विषाचा पहिला बळी स्वतः शेतकरी व शेतमजूर ठरला, हा आधुनिक इतिहासातील एक विदारक विरोधाभास आहे.

आपल्या बोलीतील एक शब्द या विरोधाभासावर नेमका प्रकाश टाकतो. वऱ्हाडातील शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. तो पऱ्हाटीवर ‘औषध मारतो’, कृषी केंद्रातून ‘औषध आणतो’, आणि कर्जाला कंटाळून एखाद्याने जीवन संपविले तर गाव दबक्या आवाजात सांगते, ‘त्याने औषध घेतले.’ पिकाला वाचविणारे आणि माणसाला मारणारे द्रव्य एकाच शब्दाने ओळखले जाते. विष हे औषध कसे झाले, हा प्रश्न भाषेचा तसाच इतिहासाचाही आहे. आमच्या परिसरातील महाविद्यालयांत शिकणारे बहुसंख्य विद्यार्थी कापूस उत्पादकांची व शेतमजुरांची मुले आहेत. सुटीच्या दिवशी त्यांतील अनेकांच्या पाठीवर फवारणीचा पंप असतो. त्यामुळे हा विषय आपल्या अध्यापनाच्या कक्षेबाहेरचा मानता येत नाही.

संशोधनाची उद्दिष्टे

१) वऱ्हाडातील कापूस शेतीच्या विकासाचा व त्यातील कीड नियंत्रणाच्या बदलत्या पद्धतींचा आढावा घेणे.
२) कीटकनाशकजन्य प्रदूषणाच्या वाढीमागील ऐतिहासिक कारणांचा शोध घेणे.
३) २०१७ मधील विषबाधेच्या घटनांचे इतिहासाच्या संदर्भात विश्लेषण करणे.
४) प्रदूषण रोखण्यासाठी लोकसहभागाचे मार्ग सुचविणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून गॅझेटिअर, शासकीय कायदे व आदेश, कापूस संशोधनविषयक लेखन आणि प्रकाशित ग्रंथ या साधनांचा आधार घेतला आहे.

१. वऱ्हाड : कापसाचा प्रदेश

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतरच्या दोन दशकांत या प्रदेशाची अर्थव्यवस्था कापसाभोवती नव्याने रचली गेली. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा खुंटला आणि ब्रिटिश व्यापाऱ्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. रिव्हेट-कार्नाक यांची मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त म्हणून नियुक्ती झाली. केवळ एका पिकासाठी स्वतंत्र आयुक्त नेमला जावा, यावरून त्या पिकाचे साम्राज्यातील महत्त्व लक्षात येते. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये खामगावची कापूस बाजारपेठ रेल्वेने जोडली गेली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ हा अरुंद मार्ग तयार झाला. पुढे ‘शकुंतला’ या नावाने लोकप्रिय झालेल्या आणि आता बंद पडलेल्या या गाडीचा मुख्य हेतू कापसाच्या गाठी वाहून नेणे हाच होता. दारव्ह्याचे मोतीबाग स्थानक त्या व्यापाराची आठवण देते.

या व्यापारी पिकामुळे प्रदेशात पैसा आला, त्याचबरोबर परावलंबित्वही आले. लक्ष्मण सत्या यांनी आपल्या ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (१९९७) या ग्रंथात कापसाचा विस्तार आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे दुष्काळ यांचा परस्परसंबंध मांडला आहे. कोणते पीक घ्यावे, कोणत्या जातीचे घ्यावे आणि ते कोणत्या भावाने विकावे, याचे निर्णय शेताच्या धुऱ्याबाहेर होऊ लागले. निर्णयाचे हे स्थलांतर प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पुढील काळात बियाणे आणि कीटकनाशक यांच्या बाबतीत तेच अधिक तीव्रतेने घडले.

२. देशी कापूस आणि किडींशी सहजीवन

एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडी कापूस प्रामुख्याने देशी जातींचा होता. या जातींची मुळे खोल जात, त्या कोरडवाहू परिस्थितीत तग धरत आणि तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना बऱ्याच प्रमाणात सहन करत. धागा आखूड व उत्पादन कमी, ही त्यांची मर्यादा होती. कापसाबरोबर ज्वारी, तूर, मूग, उडीद यांची फेरपालट व मिश्र लागवड केली जाई. शेतात किडी होत्या, तशाच त्यांना खाणाऱ्या किडी आणि पाखरेही होती. या व्यवस्थेचे अवास्तव उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्या शेतकऱ्यालाही नुकसान सोसावे लागे आणि दुष्काळाच्या वर्षी त्याचे हाल होत. परंतु त्याच्या कीड नियंत्रणाने विहिरीत विष जात नव्हते, एवढे निश्चित.

आज ज्या शेंदरी बोंडअळीने कापूस उत्पादकाची झोप उडविली आहे, तिची शास्त्रीय नोंद १८४० च्या दशकात सॉन्डर्स या कीटकतज्ज्ञाने भडोच येथील नमुन्यांवरून केली. तेथे लावलेल्या अमेरिकन कापसाची बोंडे तिने पोखरली होती. परदेशी वाण आणि किडीचा उपद्रव यांचे नाते किती जुने आहे, हे या नोंदीवरून स्पष्ट होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी किडींविरुद्धचा सरकारी उपायही मशागतीचाच होता. मद्रास इलाख्यात १९१९ मध्ये झालेल्या शेती कीड व रोगविषयक कायद्याचा उपयोग हंगाम संपल्यावर कापसाची झाडे ठरावीक मुदतीत उपटून टाकण्यासाठी करण्यात आला. कीड एका शेतात राहत नाही, म्हणून सर्वांनी एकाच वेळी शेत स्वच्छ केले पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते. शंभर वर्षांनंतर शास्त्रज्ञ आपल्याला पुन्हा हेच सांगत आहेत.

आणखी एका घटनेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. तिच्या आर्थिक साहाय्याने १९२४ मध्ये इंदूर येथे सर अल्बर्ट हॉवर्ड यांच्या नेतृत्वाखाली वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली. कापूस संशोधनासाठी उभारलेल्या या संस्थेतच कंपोस्ट खताची जगप्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ विकसित झाली. सेंद्रिय शेतीच्या जागतिक विचाराचा एक महत्त्वाचा प्रवाह अशा रीतीने कापसाच्याच शेतातून निघाला होता. कापूस आणि विष यांचा संबंध अटळ नव्हता, याचा हा ऐतिहासिक पुरावा मानावा लागेल.

३. ‘औषधा’चे आगमन

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी व बीएचसी ही संश्लेषित कीटकनाशके भारतात आली. ग्रामीण जनतेला डीडीटीची पहिली ओळख शेतातून नव्हे, आरोग्य विभागाच्या फवारणीतून झाली. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्यात आले. हिवतापाने होणारे मृत्यू कमी झाले. ज्या द्रव्याने मुलाबाळांचे प्राण वाचविले त्याच्याविषयी लोकांच्या मनात विश्वास निर्माण होणे स्वाभाविक होते. कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणण्याची सवय दृढ होण्यास या अनुभवाने हातभार लावला असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

धोक्याच्या सूचनाही याच काळात मिळाल्या होत्या. १९५८ मध्ये केरळ व लगतच्या प्रदेशात पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाल्ल्याने शंभरहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेनंतरच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक अधिनियम अस्तित्वात आला. १९६२ मध्ये रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथाने अमेरिकेत खळबळ उडवून दिली. तथापि अन्नटंचाईने ग्रासलेल्या भारतात उत्पादनवाढ हाच राष्ट्रीय अग्रक्रम होता आणि तो चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. याच जिल्ह्यातील गहुली गावचे सुपुत्र वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात (१९६३-१९७५) महाराष्ट्राच्या शेतीने आधुनिकतेची वाट धरली. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली.

गावापर्यंत उत्पादनवाढीचे तंत्र पोहोचले, मात्र त्यातील धोक्याचे ज्ञान त्याच गतीने पोहोचले नाही. ‘एन्ड्रिन’ हे एका कीटकनाशकाचे नाव खेड्यापाड्यांत जीव देण्याच्या साधनाचे नाव म्हणून परिचित झाले. १९९० मध्ये त्यावर बंदी आली, पण तो शब्द अनेक वर्षे लोकांच्या तोंडी राहिला.

४. संकरित वाण आणि फवारणीचे चक्र

१९७० मध्ये सुरत येथील संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीचा जगातील पहिला संकरित कापूस वाण विकसित केला. संकरित वाणांनी उत्पादनात मोठी वाढ घडवून आणली. मात्र त्यांचे दोन परिणाम दूरगामी ठरले. पहिला म्हणजे घरची सरकी पेरण्याची प्रथा संपली आणि दरवर्षी बियाणे विकत घेणे भाग पडले. दुसरा म्हणजे खताला भरघोस प्रतिसाद देणारी ही लुसलुशीत, दीर्घ मुदतीची पऱ्हाटी किडींना अधिक बळी पडू लागली.

१९८० च्या सुमारास संश्लेषित पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके बाजारात आली. सुरुवातीला त्यांचा परिणाम विलक्षण होता. काही वर्षांतच हिरव्या बोंडअळीने त्यांना दाद देणे बंद केले. १९८७ च्या हंगामात आंध्र प्रदेशातील गुंटूर व प्रकाशम जिल्ह्यांत कापसाचे पीक हातचे गेले आणि शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या आल्या. यामागील प्रक्रिया सोपी आहे. फवारणीतून जी मोजकी कीड वाचते तिचीच प्रजा पुढे वाढते. सोबतच मित्रकीटक मरतात. मग मात्रा वाढवावी लागते, दोन-तीन कीटकनाशके एकत्र केली जातात आणि दोन फवारण्यांतील अंतर कमी होते. देशातील लागवडीखालील क्षेत्राच्या सुमारे पाच टक्के क्षेत्र व्यापणारा कापूस १९९० च्या दशकात एकूण कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मी कीटकनाशके फस्त करीत होता. यावरून या चक्राची व्याप्ती ध्यानात येते.

५. बीटी कापूस : दिलासा आणि पुनरावृत्ती

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाच्या व्यापारी लागवडीस परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुके असलेले बीटी वाण आले. प्रारंभीच्या वर्षांत बोंडअळीसाठीची फवारणी लक्षणीय घटली, हे मान्य केले पाहिजे. परंतु रस शोषणाऱ्या किडींवर बीटीचा परिणाम होत नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी यांचा उपद्रव वाढला आणि त्यांच्यासाठी नवी फवारणी सुरू झाली. डॉ. केशव क्रांती व ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शेतकऱ्यांचा कीटकनाशकांवरील खर्च बीटीपूर्व काळापेक्षाही अधिक झाल्याचे दाखविले आहे.

बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी सरकीची वेगळी पुडी दिली जात असे. शेताच्या कडेने ही ‘आश्रय’ पिकाची सरकी लावली तर प्रतिकारक्षम अळ्यांची वाढ लांबते, असे शास्त्र सांगत होते. बहुतांश शेतकऱ्यांनी ती पुडी पेरली नाही. चार ओळी अळीसाठी सोडण्याचे कारण त्यांना कोणी पटवून दिले नाही, आणि अल्पभूधारकाला ते परवडणारेही नव्हते. त्यातच पाण्याची सोय असलेल्या शेतांत फरदड घेतली जाऊ लागली. हंगाम लांबला, शेंदरी बोंडअळीला वर्षभर अन्न मिळाले आणि २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेत तिने दोन जनुकांच्या बीटीवरही मात केल्याचे दिसून आले. २०१७ मध्ये विदर्भातील शेतांत डोमकळ्या आणि किडकी बोंडे सर्रास दिसू लागली.

६. २०१७ : विषबाधेचा हंगाम

२०१७ च्या पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, यवतमाळ जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांत फवारणी करणारे शेतकरी व मजूर मोठ्या संख्येने दाखल होऊ लागले. चक्कर, मळमळ, दृष्टी अंधुक होणे, श्वास कोंडणे अशी लक्षणे होती. जिल्ह्यात वीसहून अधिक व्यक्तींचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांवर उपचार करावे लागले. शासनाने विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळसह पश्चिम विदर्भातील जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन, ॲसिफेट तसेच प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड ही मिश्रणे, अशा पाच उत्पादनांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घालण्यात आली. तोपर्यंत फवारणीचा हंगाम जवळपास आटोपला होता.

कारणांची चर्चा करताना ‘शेतकऱ्यांनी हातमोजे व मुखपट्टी वापरली नाही’ हे वाक्य वारंवार उच्चारले गेले. ते असत्य नाही, पण अपुरे आहे. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर उंच व दाट वाढली होती. त्यामुळे फवारा पायाशी न पडता तोंडासमोर येत होता. अधिक दाबाच्या नव्या पंपांमधून निघणारे सूक्ष्म तुषार हवेत तरंगत होते. उकाडा व दमट हवेत जाड संरक्षक कपडे घालून दिवसभर काम करणे जवळजवळ अशक्य होते. दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळली जात होती आणि कोणते मिश्रण करावे याचा सल्ला अनेकदा विक्रेत्याकडूनच मिळत होता. मजूर एका शेतातून दुसऱ्या शेतात सलग अनेक दिवस फवारणी करत होते. बाटलीवरील सूचना बारीक अक्षरांत होत्या. त्या वाचण्याची अपेक्षा ज्याच्याकडून होती तो मजूर बहुधा दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याने आणलेली बाटली वापरत होता.

या सर्व बाबी मागील प्रकरणांत पाहिलेल्या इतिहासातून आलेल्या आहेत. दीर्घ मुदतीचे संकरित वाण, प्रतिकारक्षम कीड, रस शोषणाऱ्या किडींचा उद्रेक आणि सल्लागार म्हणून दुकानदार हे घटक अनेक दशकांत साचत गेले होते. १९८४ ची भोपाळ वायुदुर्घटना कीटकनाशक तयार करणाऱ्या कारखान्यात एका रात्रीत घडली. यवतमाळची दुर्घटना कीटकनाशक वापरणाऱ्या शेतांत, एकेका माणसाच्या वाट्याला आली. म्हणूनच तिचे आकलन दुर्घटना म्हणून होण्यास विलंब लागला.

७. माती, पाणी व सजीवांवरील परिणाम

विषबाधा हा या प्रदूषणाचा दिसणारा भाग आहे. फवारलेल्या द्रव्याचा मोठा अंश किडीपर्यंत पोहोचतच नाही. तो मातीवर पडतो, वाऱ्याने शेजारच्या वावरात जातो आणि पावसाच्या पाण्यासोबत नाल्यात उतरतो. दारव्हा परिसरातील ओढेनाले अडाण व अरुणावती या नद्यांच्या खोऱ्यांतून पैनगंगेकडे जातात. शेतातील पंप विहिरीवर वा नाल्यात धुतला जातो तेव्हा त्या पाण्याचा प्रवास गावापुरता राहत नाही. मधमाश्या मेल्याने तुरीसह अनेक पिकांच्या परागीभवनावर परिणाम होतो. फवारलेल्या धुऱ्यावरचे गवत खाऊन जनावरे आजारी पडतात.

रिकाम्या बाटल्या व डबे हा आणखी एक दुर्लक्षित विषय आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथे शालेय माध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस आढळले आणि कीटकनाशकाच्या डब्यात ठेवलेले तेल हे त्यामागील कारण असल्याचे समोर आले. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर सुमारे दोन दशके हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. तेथील पिढ्यांनी त्याचे परिणाम भोगले. शेवटी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभर या कीटकनाशकावर बंदी आली. लोकांनी आवाज उठविल्यावरच बंदी आली, हे येथे नमूद करणे उचित ठरेल.

८. कायद्याची चौकट आणि तिच्या मर्यादा

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. १९७४ चा जल प्रदूषण अधिनियम व १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम यांचा रोख मुख्यतः कारखाने व नगरे यांवर आहे. विखुरलेल्या शेतांतून होणारे प्रदूषण त्यांच्या जाळ्यात सहज येत नाही. १९६८ च्या अधिनियमाखालील १९७१ च्या नियमांत संरक्षक कपडे, श्वसन साधने आणि प्रथमोपचार यांच्या तरतुदी आहेत. वेष्टनावर विषारीपणानुसार लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण छापणे बंधनकारक आहे. परंतु त्रिकोणाच्या रंगाचा अर्थ किती मजुरांना ठाऊक आहे, हा प्रश्न आपण आपल्या वर्गातही विचारून पाहावा.

मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर २००५ मध्ये बंद करण्यात आला आणि त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश २०२३ मध्ये निघाला. मधल्या अठरा वर्षांत ते कापसावर फवारले जात राहिले. खाणाऱ्याच्या आरोग्याचा विचार फवारणाऱ्याच्या आरोग्याआधी झाला, असाच या कालक्रमाचा अर्थ निघतो.

९. लोकसहभागाची उदाहरणे

लोक स्वतः पुढाकार घेऊन हे चक्र थांबवू शकतात काय? याचे उत्तर होकारार्थी आहे. तत्कालीन आंध्र प्रदेशातील (आताच्या तेलंगणातील) खम्मम जिल्ह्यातील पुनुकुला हे कापूस पिकविणारे गाव. कर्ज, विषबाधा व आत्महत्या यांनी गांजलेल्या या गावाने स्थानिक स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने निंबोळी अर्क, कामगंध सापळे, सापळा पिके व प्रत्यक्ष पाहणी यांचा अवलंब केला आणि २००३ च्या सुमारास रासायनिक कीटकनाशकांचा वापर थांबविला. महिला बचत गटाने निंबोळ्या दळण्याचे काम हाती घेतले. पाठोपाठ वारंगल जिल्ह्यातील एनाबावी या गावानेही तोच मार्ग पत्करला. या गावांचे वैशिष्ट्य असे की निर्णय एका शेतकऱ्याचा नव्हता, तो संपूर्ण गावाचा होता.

आपल्या प्रदेशातही ही परंपरा आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योग संघाच्या माध्यमातून जे. सी. कुमारप्पा यांनी निसर्गाशी सुसंगत अर्थव्यवस्थेचा विचार मांडला. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीची चर्चा देशभर झाली. यवतमाळचे सुभाष शर्मा यांना रसायनमुक्त शेतीतील कार्यासाठी २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आधी गाव झाडले आणि मग कीर्तन केले. त्यांच्याच नावाने २०००-०१ पासून महाराष्ट्रात राबविलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाने गावे एकत्र येऊ शकतात हे सिद्ध केले. त्या अभियानाने गावातील रस्ते व गटारे स्वच्छ केली. आता तीच दृष्टी वावरापर्यंत नेण्याची गरज आहे.

२०१७ नंतरच्या हंगामांत कृषी विभाग, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व कृषी विद्यापीठ यांनी वेळेवर पेरणी, कामगंध सापळे, डोमकळ्या वेचून नष्ट करणे आणि फरदड न घेणे यांवर भर दिला. १९१९ च्या कायद्यामागील तत्त्वाचेच हे पुनरुज्जीवन होय. पतंगाला धुरा कळत नाही. एका शेतकऱ्याने पऱ्हाट्या उपटल्या आणि शेजाऱ्याने फरदड राखली तर पहिल्याचे कष्ट वाया जातात.

१०. उपाययोजना

१) ग्रामसभेने दरवर्षी हंगामापूर्वी ठराव करून फरदड न घेण्याची व पऱ्हाट्या नष्ट करण्याची एक तारीख संपूर्ण शिवारासाठी निश्चित करावी.
२) जिनिंग कारखाने व साठवणुकीच्या जागी कामगंध सापळे लावावेत, कारण किडक्या सरकीतून पतंग तेथूनच बाहेर पडतात.
३) फवारणीचा निर्णय शेताच्या साप्ताहिक पाहणीनंतर व आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच घ्यावा. महिला बचत गटांनी निंबोळी व दशपर्णी अर्क तयार करण्याचे काम हाती घ्यावे.
४) मजुराकडून फवारणी करून घेणाऱ्या शेतमालकाने संरक्षक साधने पुरवावीत आणि सलग फवारणीचे दिवस व तास मर्यादित ठेवावेत. दुपारच्या उन्हात व वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये.
५) पंप व डबे नाल्यात वा विहिरीवर धुऊ नयेत. रिकाम्या बाटल्या गावपातळीवर गोळा करून विक्रेत्यांमार्फत परत पाठविण्याची व्यवस्था असावी.
६) ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात ग्रामीण रुग्णालयांत कोलिनेस्टरेज तपासणीची व आवश्यक उताऱ्यांची सोय असावी. रुग्णासोबत बाटलीवरील चिठ्ठी नेण्याची सवय लावावी.
७) महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत वेष्टनावरील त्रिकोणांचा अर्थ, विषबाधेची लक्षणे व प्रथमोपचार यांचे प्रशिक्षण द्यावे. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास व मराठी या विभागांनी मिळून परिसरातील एका गावाचा सलग अभ्यास करावा.

निष्कर्ष

१) वऱ्हाडातील कीटकनाशकजन्य प्रदूषण हे एकोणिसाव्या शतकापासून कापूस शेतीत झालेल्या निर्णयाच्या केंद्रीकरणाशी निगडित आहे.
२) डीडीटी, पायरेथ्रॉइड आणि बीटी या तिन्ही टप्प्यांत प्रारंभीचा दिलासा व त्यानंतरचे गंभीर संकट अशी पुनरावृत्ती आढळते.
३) २०१७ मधील विषबाधेची जबाबदारी केवळ फवारणाऱ्यावर टाकणे इतिहासाशी सुसंगत नाही.
४) कीड व प्रदूषण दोन्ही शेताची सीमा जुमानत नाहीत. त्यामुळे वैयक्तिक जागृती आवश्यक असली तरी पुरेशी नाही. परिणामकारक प्रतिबंध गावपातळीवरील सामूहिक निर्णयातूनच शक्य आहे.

समारोप

कापसाने या प्रदेशाला ओळख दिली, बाजारपेठ दिली आणि रेल्वेही दिली. त्याच कापसाने आपल्या विहिरींत व रक्तात विष मिसळावे, हे विधिलिखित नव्हते आणि नाही. लहान पण निश्चित अशी सुरुवात भाषेपासून करता येईल. आपण प्राध्यापक मंडळींनी वर्गात, ग्रामसभेत आणि घरात कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणणे सोडून ‘विष’ म्हणावे. ज्या वस्तूला आपण विष म्हणतो ती उघड्या हातांनी कालवली जात नाही, तिची बाटली स्वयंपाकघरात ठेवली जात नाही आणि शेजाऱ्याने सांगितले म्हणून ती दुप्पट मात्रेत फवारली जात नाही. पुढच्या खरिपात आपला एखादा विद्यार्थी पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत शिरेल, तेव्हा हा एक शब्द तरी त्याच्यासोबत असावा.